तरंगणारा बुश : एका स्टिअरिंग रॅकचं प्रकरण

गाडी २०१३ सालची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. मीटरवर ८६ हजार. मालक गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या केरी गावचे निवृत्त शिक्षक. माझ्या थोरल्या भावाला त्यांनी शिकवलं, त्यामुळे मला ते अजून ‘अरे’ म्हणूनच हाक मारतात. गाडी कुठल्या कंपनीची हे लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. दोष कुठे कुठे होता ते पुढे येईल. त्यातला बराचसा वाटा माझा आहे, आणि तो एकदा लिहून काढावा म्हणून बसलो आहे.

माझं गॅरेज उसगावच्या तिस्काजवळ. दोन खांबांची लिफ्ट, एक हेल्पर आणि पावसात दोन ठिकाणी गळणारे पत्रे. हिशेबाच्या बाबतीत मी गबाळा. सर मात्र गाडीची वही ठेवतात. पेट्रोल कधी, किती, कुठे भरलं. टायरमध्ये हवा किती. कुठला आवाज कुठल्या दिवशी सुरू झाला. शाळेत हजेरी मांडायचे त्याच अक्षरात. या प्रकरणातले किलोमीटर मी त्या वहीतून घेतले आहेत. माझ्या आठवणीवर सोडले असते तर ते हळूहळू माझ्या सोयीचे झाले असते.

आवाज

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दहा-एक दिवस होते. सर आले आणि म्हणाले, “अरे, केरीहून निघालो की होंड्यापर्यंत पुढे कुणीतरी टाळ कुटत बसल्यासारखं वाजतं. होंडा सोडून चांगला रस्ता लागला की भजन बंद.” (होंडा हे आमच्याकडे गाव आहे, गाडी नव्हे. परगावच्या गिऱ्हाइकांना हे दर वेळी सांगावं लागतं.)

शेजारी बसून फेरी मारली. वेग वीस-तीसचा, रस्ता बारीक खडबडीत, की समोरून ‘कट्-कट्-कट्’. मोठ्या खड्ड्यात एकच धप्प, त्यात वेगळं काही नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. त्याच खडबडीत पट्ट्यावर सरांनी स्टिअरिंग किंचित एका बाजूला धरून ठेवलं की आवाज गप्प. सरळ केलं की पुन्हा सुरू. ही खूण महत्त्वाची. सस्पेन्शनमधला आवाज स्टिअरिंग जरासं धरल्याने सहसा असा गायब होत नाही. स्टिअरिंगच्या साखळीत कुठे मोकळी फट असेल, तर बाजूचा दाब पडल्यावर ती एका अंगाला दबते आणि ठोका बसायला जागा उरत नाही.

गॅरेजमध्ये आल्यावर गाडी चाकांवरच उभी ठेवली, इंजिन चालू. हेल्परला आत बसवून स्टिअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे, भरभर हलवायला सांगितलं आणि मी खाली हात घातला. टाय रॉडच्या, म्हणजे रॅकपासून चाकापर्यंत जाऊन ते वळवणाऱ्या दांडीच्या, टोकाला काही नाही. रॅकच्या डाव्या बाजूच्या रबरी बुटावर, म्हणजे चिखल आत जाऊ न देणाऱ्या आवरणावर, हात ठेवला तर आतला ठोका तळव्याला लागला. मग लिफ्टवर घेतली. डावं चाक नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं तर किंचित खेळ. बारा आणि सहाच्या जागी धरून काहीच नाही, म्हणजे बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट ठीक. शेवटी बुटाजवळ टाय रॉड मुठीत धरून वर-खाली दाबला. रॅकचा दांडा नळीच्या आत हलताना दिसला.

ज्यांनी रॅक कधी उघडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रॅक म्हणजे एका बाजूला दात पाडलेला लांब पोलादी दांडा, अंगठ्यापेक्षा जरा जाड. तो एका नळीत डावी-उजवीकडे सरकतो. स्टिअरिंग फिरवलं की पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक त्या दातांवर फिरतं आणि दांड्याला ढकलतं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून पिनियनही उजवीकडे. तिथे दांड्याला मागून दाबून धरणारा एक ठोकळा असतो, त्याला स्प्रिंग आणि आवळायचा नट. उजवं टोक असं दोन्हीकडून धरलेलं असतं. डाव्या टोकाला आधार फक्त एका प्लॅस्टिकच्या बुशचा. जेमतेम दोन बोटं रुंदीची ती कडी झिजली की दांड्याचं डावं टोक नळीत डुलायला लागतं आणि प्रत्येक खडा ठोका होऊन स्टिअरिंगमधून हातात येतो.

या गाडीत बुश झिजण्याचं कारण शोधावं लागलं नाही. डाव्या बुटाची क्लिप गंजून तुटली होती, बूट दोन इंच सरकला होता आणि आत लाल चिखलाचा लगदा. आमच्या भागातला चिखल म्हणजे नुसती माती नव्हे. खाणपट्ट्यातला रस्ता, त्यात लोहखनिजाची पूड. हेमेटाइट म्हणजे लोहाचा ऑक्साइड, आणि लोहाच्या ऑक्साइडची बारीक पूड सोनार दागिन्यांना चकाकी आणायला वापरतात. तीच ग्रीसमध्ये कालवून दांड्यावर लावली, तर बुश दररोज घासूनच निघणार. पावसाचं पाणी ग्रीस धुऊन नेतं ते वेगळंच.

तेव्हा निदान : रॅकचा डावा बुश आणि बूट. हे निदान बरोबर होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा, कारण मी स्वतः ते विसरलो.

तीनशे ऐंशी रुपये

दोन वाटा होत्या. एक, अख्खा रॅक बदलायचा. त्याला तेव्हा नऊ हजारांच्या वर खर्च होता, मजुरी वेगळी. दुसरी, नुसता बुश बदलायचा. बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत कंपनी हा आतला बुश सुटा विकतच नाही, पूर्ण रॅक घ्या म्हणते. म्हणून सुट्या बुशचा सगळा धंदा बाहेरच्या ब्रँडांवर चालतो. त्यात काही वाईट नाही. चांगले ब्रँड आहेत, मी वर्षानुवर्षं त्यांचा माल बसवतो. पण जिथे तुलना करायला कंपनीचा पार्टच नसतो, तिथे नकली माल सहज खपतो हेही तितकंच खरं.

इथे एक शब्द सोडवून घेतो, कारण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही तो हवा तसा फिरवतात. ‘डुप्लिकेट’. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बनवलेला बुश हा डुप्लिकेट नव्हे. तो तिचा माल, तिच्या जबाबदारीवर. बिननावाचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत येणारा तो ‘लोकल’. बरा-वाईट कसाही निघेल, पण तो कुणाचं नाव सांगत नाही. नकली तो, जो दुसऱ्याचं नाव छापून येतो. सरांच्या गाडीत गेला तो हा तिसरा.

चवथीच्या आठवड्यात गोव्यातल्या कुठल्याही गॅरेजात जाऊन बघा. जो तो गाडी घेऊन गावी निघालेला आणि प्रत्येकाला ती काल हवी असते. माझ्या नेहमीच्या पुरवठादाराकडे बुश संपला होता. “चवथ झाल्यावर,” तो म्हणाला. सरांना मुलीच्या घरी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या छताचं, सामान पोचवायचं होतं. हेल्परने दुसऱ्या एका दुकानात फोन लावला. तिथे होता, त्याच नावाजलेल्या ब्रँडचा. तासाभरात स्कूटरवरून आला. डब्यावर छापील किंमत ६२०. मला नेहमी तो पाचशेवीसच्या आसपास पडतो. हा ३८० ला आला. सोबत बिल नाही, वहीच्या पानाची चिठ्ठी.

त्या क्षणी मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. मला बरं वाटलं. वरचे पैसे सुटले असं वाटलं. डब्यावर होलोग्राम होता, चौकोनी कोड होता, रंग बरोबर होता. तो कोड मोबाइलने तपासायला अर्धा मिनिट लागतो. हाताला ग्रीस होतं, मोबाइल टेबलावर होता, आणि मी तो घेतला नाही.

बसवताना मात्र काही कमी केलं नाही. स्टिअरिंग सरळ करून किल्ली काढून लॉक केलं. रॅक सुटल्यावर वरचं चाक फिरलं तर एअरबॅगच्या खालची गुंडाळलेली वायर तुटते आणि पाचशेच्या कामाचे पाच-सहा हजार होतात. बॅटरीची ऋण तार काढली. स्टिअरिंगचा सांधा पिनियनवर कसा बसला होता त्याची पांढऱ्या रंगाने खूण केली. टाय रॉड एंड काढताना आटे मोजले. रॅक खाली घेतला, रॉकेलने धुतला, जुना बुश आकड्याने ओढून काढला. तो फेकायला निघालो तर सर म्हणाले, “जुना पार्ट मला दे.” ही त्यांची सवय. वर्तमानपत्रात गुंडाळून तो त्यांनी डिकीत ठेवला. त्या सवयीनेच पुढे हे प्रकरण सोडवलं.

नवा बुश जरा घट्ट गेला. दांडा सरकवून पाहिला, जड पण सरकतो. “नवा आहे, घट्ट असणारच,” मी म्हणालो. नवा बूट, नव्या क्लिपा, दांड्याला ठोकळ्याने दाबणारा नट मॅन्युअलमध्ये दिला आहे तितका आवळून मग दिलेल्या कोनात मागे, आणि शेवटी अलाइनमेंट. वहीतली नोंद : ८६,१४०. आवाज पूर्ण बंद. सरांनी मजुरीशिवाय पन्नास रुपये हेल्परच्या हातावर ठेवले.

चुकीच्या वाटेवर

नरकासुराच्या, म्हणजे दिवाळीच्या, आदल्या आठवड्यात सर परत आले. वहीत ८७,९२०. “टाळकरी परत आलेत,” म्हणाले.

इथपासून मी चुकत गेलो, आणि कसा चुकलो हे मला बुशपेक्षाही जास्त महत्त्वाचं वाटतं. रॅकचा बुश तर आत्ताच बदलला, नावाजलेल्या कंपनीचा. म्हणजे आवाज रॅकचा असूच शकत नाही. म्हणजे आधीचं निदान अर्धवट होतं, दुसरंही काहीतरी वाजत होतं. हे सगळं माझ्या डोक्यात इतकं आपोआप जुळलं की मी बुटावर हात ठेवून पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. खराब पार्ट बसला की आवाज परत येतो, ते समजतं. पण नकली पार्ट चांगल्या डब्यातून आला की तो तुमचा संशय भलत्याच दिशेला पाठवतो. डब्यावर विश्वास असतो, म्हणून माणूस स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवतो.

आधी सस्पेन्शनमधले दोन्ही लिंक रॉड बदलले. जुने चांगले होते, हे काढल्यावर कळलं. तरी काढलेच आहेत तर नवे घालू म्हणून घातले. चार दिवसांनी आवाज तसाच. मग डाव्या शॉकच्या वरचं माउंट बदललं, बेअरिंगसकट. आवाज किंचित कमी झाल्यासारखा वाटला. ‘वाटला’ हे सरांनी वहीत अवतरणात लिहिलं आहे.

तिसऱ्या खेपेला मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. रॅकच्या ठोकळ्याचा नट अर्धा फेरा जास्त आवळला. हा बाजारातला जुना इलाज आहे : रॅक वाजतो? आवळ. पिनियनपाशी दांडा जास्त दाबला की आवाज दबतो, दोष जातो असं नाही. आवाज खरंच दबला. संध्याकाळी सरांचा फोन.

“अरे, वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. हाताने आणावं लागतं.”

केरीच्या पुढे लगेच चोर्ल्याचा घाट सुरू होतो. सर त्या बाजूला गेले असते तर? मी त्यांना गाडी जागेवरच ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः केरीला जाऊन, त्यांच्या अंगणात फणसाखाली, जमिनीवर आडवा होऊन तो नट पुन्हा होता तिथे आणला. वळल्यानंतर स्टिअरिंगने स्वतःहून सरळ व्हायला हवं. ते अडकायला लागलं तर गाडी सरळ रस्त्यावरही भटकते, आणि घाटात ते फार वाईट. नटची जागा कंपनीने ठरवलेली असते. ती आवाजावरून ठरवायची नसते.

आडवा पडलो होतोच, म्हणून सवयीने डाव्या बुटावर हात ठेवला आणि सरांना स्टिअरिंग हलवायला सांगितलं. ठोका तळव्याला लागला. पहिल्या दिवशी लागला होता तसाच, तिथेच.

बालदी

रॅक पुन्हा खाली. बूट काढला तर आत ग्रीसमध्ये पांढरट किसाचे तुकडे. बुश बाहेर काढायला आकडाही लागला नाही, बोटाने आला. गोल राहिलाच नव्हता. बाहेरच्या ज्या रबरी कड्या त्याला नळीत दाबून धरतात, त्या कडक होऊन एक तुटली होती.

सर डिकीकडे गेले आणि वर्तमानपत्रातली पुडी घेऊन आले. जुना, कंपनीतून आलेला बुश, ८६ हजार किलोमीटर चाललेला. दोन्ही टेबलावर ठेवून व्हर्नियरने मापले. जुना उभ्या आणि आडव्या मापात ०.४ मिलिमीटरने वेगळा होता. नवा, दोन हजार किलोमीटरही न चाललेला, ०.९ ने.

मग हेल्परने सहज म्हणून एक गोष्ट केली. हॅकसॉने दोघांचा एकेक तुकडा कापून, साबणाच्या पाण्यात चोळून, हात धुवायच्या बालदीत टाकला. जुन्याचा तुकडा सरळ तळाला. नव्याचा वर तरंगत राहिला. बोटाने दाबला तरी परत वर.

याच्यात जादू काही नाही. असल्या बुशला साधारणपणे अ‍ॅसिटल किंवा नायलॉनसारखं टणक प्लॅस्टिक वापरतात. अ‍ॅसिटल पाण्याच्या १.४ पट जड, नायलॉन साधारण १.१४ पट, दोन्ही बुडतात. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. बालद्या, खुर्च्या, डबे त्याचे होतात. ते वाईट प्लॅस्टिक नव्हे, पण सतत दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि उष्णतेने आणखी मऊ होतं. इंजिनाच्या मागे, एक्झॉस्टच्या वाटेजवळ, दांड्याचे ठोके खात बसायला ते बनलेलंच नाही. म्हणून बुश नुसता झिजला नव्हता, तो दबून अंडाकृती झाला होता. सुरुवातीचा घट्टपणाही आता कळला : आतलं माप चुकीचं होतं, मी त्याला ‘नवेपणा’ समजलो.

ही चाचणी अंतिम नव्हे. कडीत काच-तंतू मिसळलेले असतील तर वजन बदलतं, कापलेल्या पृष्ठभागावर हवेचे बुडबुडे चिकटले तर बुडणाराही तरंगतो, म्हणून साबण. आणि बुडाला म्हणजे अस्सल असंही नाही. पण अ‍ॅसिटलचा म्हणून विकलेला पार्ट तरंगला, तर पुढे चर्चा करायला काही उरत नाही. काही लोक तुकडा जाळून वास घेतात. ते करू नका. जळणाऱ्या अ‍ॅसिटलमधून फॉर्माल्डिहाइड निघतं.

दोन डबे, एक नंबर

डबा सुदैवाने फेकला नव्हता. हेल्पर त्यात वॉशर ठेवायचा. आता मोबाइलने कोड तपासला. ब्रँडचं पान उघडलं आणि पार्ट अस्सल असल्याचं सांगितलं! क्षणभर मी पुन्हा डब्यावर विश्वास ठेवायला तयार झालो. सर म्हणाले, “कोड अस्सल असेल. पण तो या डब्याचाच कशावरून?”

हे शिक्षकाचं डोकं. एकाची उत्तरपत्रिका दुसऱ्याने जशीच्या तशी उतरवली तर उत्तरं बरोबरच असतात. मी त्याच दुकानातून हेल्परच्या मित्राकरवी तोच बुश आणखी एक मागवला. दुसरा डबा आला. लांबलचक कोड-नंबर पहिल्या डब्यावर होता तोच, शेवटच्या आकड्यापर्यंत. बॅच नंबर दोन डब्यांवर सारखा असू शकतो, असायलाच हवा. पण प्रत्येक डब्यासाठी वेगळा असा जो नंबर, तो सारखा निघाला म्हणजे एका अस्सल डब्याचा फोटो काढून हजार डबे छापलेत.

मग नीट बघितलं तेव्हा बाकीचंही दिसायला लागलं. वेष्टणात विकायच्या मालावर २०११ च्या वजन-मापे नियमांनुसार बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, नग किती, सगळे कर धरून कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. या डब्यावर पत्ता होता, पण पिनकोड पाच आकडी. तक्रारीचा फोन नंबर नऊ आकडी. होलोग्राम वेगवेगळ्या कोनांतून एकसारखाच चकाकत होता, त्यातलं चित्र बदलत नव्हतं. हे सगळं चवथीच्या आठवड्यातही तिथेच होतं.

दुकानदाराकडे गेलो. शांत माणूस. डबा हातात घेऊन म्हणाला, “कितें जालें? सगळे हाच नेतात. तुम्ही स्वस्त मागता, आम्ही स्वस्त देतो.” मी स्वस्त मागितला नव्हता. पण स्वस्त मिळाल्यावर मी कारणही विचारलं नव्हतं, त्यामुळे फार तावातावाने बोलता आलं नाही. ३८० रुपये परत द्यायला तो लगेच तयार झाला. डबा मात्र परत मागत होता. तो मी दिला नाही.

ब्रँडच्या ग्राहकसेवेला फोटो, दोन्ही डब्यांचे नंबर आणि बुशच्या मापांसकट सगळं मेल केलं. उत्तर आलं, विनम्र होतं, आणि त्यांनी पहिलीच गोष्ट मागितली ती खरेदीचं बिल. माझ्याकडे वहीचं पान. त्यावर ना दुकानाचं नाव, ना पार्ट नंबर. डबे त्यांनी मागवून घेतले, पुढे काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

कायदा याबाबतीत ढिला नाही. खोटं व्यापारचिन्ह लावणं आणि तसा माल विकणं, दोन्हींना १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०३ आणि १०४ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नकली मालाची वेगळी व्याख्या आहे आणि त्याच्या विक्रीला वेगळी शिक्षा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण हे सगळं हालायला कागद लागतो. बिनबिलाची सवय आपल्याकडे कराच्या नावाने चालते. बऱ्याच सुट्या भागांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. तरी ‘बिल हवं तर जास्त पडेल’ हे वाक्य मी अजून आठवड्यातून दोनदा ऐकतो.

आणि एक गोष्ट मला सरांनीच सांगितली, अगदी सहज, चहा पिताना. “मी दुकानदाराकडून काही विकत घेतलंच नाही. मी तुझ्याकडून घेतलं. मी तक्रार केली असती तर ती तुझ्यावर झाली असती.” त्यांच्या बाजूने पाहिलं तर नकली पार्ट विकणारा मीच होतो. मला तो नकली आहे हे माहीत नव्हतं, इतकाच फरक.

दुसऱ्यांदा

नवा बुश या वेळी ब्रँडच्या अधिकृत वितरकाकडून मडगावहून मागवला. दोन दिवस लागले, ५४० रुपये पडला, बिलावर पार्ट नंबरसकट. डबा उघडण्याआधी कोड तपासला. बुशचा कापलेला कोपरा बालदीत टाकायचा मोह झाला, पण नवा बुश कापणार कोण?

दांडा डाव्या बाजूला, चिखल जिथे साचला होता तिथे, थोडा गंजला होता. हा निर्णय कठीण होता. बुश ज्या भागावर चालतो तिथे गंजाचे खड्डे असतील तर कितीही अस्सल बुश घाला, खरवडून निघतो. मग रॅकच बदलावा लागतो. नखाने चाचपलं. नख कुठे अडलं नाही, फक्त डाग. दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने तेलात हलकेच साफ केला. सरांना सांगितलं की यावर मी दोन पावसाळ्यांची खात्री देतो, त्यापुढची नाही. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली माझी सही मागितली. मी केली.

गाडी जोडून फेरी मारली. टाळ बंद. पण मोठ्या खड्ड्यावर एक मंद ‘डुब्’ शिल्लक. आता मात्र मी कानावर विश्वास ठेवला. रॅकची नळी गाडीच्या सांगाड्याला दोन ठिकाणी रबराच्या गादीवर बसवलेली असते. उजव्या गादीवर वरून इंजिन ऑइल टपकत होतं, व्हॉल्व्ह कव्हरच्या पॅकिंगमधून. साध्या रबराला तेल लागलं की ते फुगतं आणि पावासारखं मऊ होतं. स्टिअरिंग हलवताना अख्खी नळीच केसभर सरकत होती. दोन्ही गाद्या बदलल्या, या मात्र कंपनीच्याच मिळतात, आणि ते पॅकिंगही. पॅकिंग न बदलता गाद्या बदलल्या असत्या तर पुढच्या चवथीला सर पुन्हा दारात. काही जण इथे पॉलियुरेथेनच्या कडक गाद्या सुचवतात. शर्यतीच्या गाडीला ठीक. सत्तर वर्षांच्या माणसाला होंड्यापर्यंत प्रत्येक खडा हातात मोजून द्यायचं कारण नाही.

हा दुसरा आवाज पहिल्या दिवसापासून असणार. टाळांच्या गजरात ऐकू येत नव्हता. पहिला बुश अस्सल असता तर तो मला चवथीच्या आधीच ऐकू आला असता.

हिशेब असा झाला. लिंक रॉडची जोडी, शॉकचं माउंट, त्यांची मजुरी, दुसऱ्यांदा रॅक काढणं, दुसऱ्यांदा अलाइनमेंट : चार हजार आठशे. ३८० आणि ५२० मधला फरक वाचवून मिळवलेले. ते सगळे मी सोसले. सर अर्धे द्यायला निघाले होते, मी घेतले नाहीत. गाद्या आणि पॅकिंगचे पैसे मात्र घेतले, कारण ते काम खरोखर त्यांच्या गाडीचं होतं. नंतर वही पाहिली. त्या दिवशीची ओळ अशी होती : ‘८८,०६५. रॅक बुश, दुसऱ्यांदा. मजुरी नाही. मेस्त्री खजील.’

जूनमध्ये, पहिला पाऊस झाल्यावर, सर वायपर बदलायला आले. मीटरवर ९६ हजार. न सांगता मी गाडी लिफ्टवर घेतली, डाव्या बुटाजवळ टाय रॉड मुठीत धरला आणि वर-खाली दाबून पाहिला. काही हललं नाही. क्लिप तपासली, बूट पुसला. खाली आणली तेव्हा सर वायपरचा डबा डोळ्यांजवळ धरून पिनकोडचे आकडे मोजत होते.